व्हाया विठ्ठलवाडी

कल्याणच्या पुढचं पहिलं स्टेशन. रविवारची सकाळ, मेगाब्लॉक, पप्पांचं जुनं बायबल आणि एक अवघड प्रश्न. विश्वासच डळमळला असेल, तर चर्चच्या बाकावर जाऊन बसायचं की नाही?

तुम्ही कल्याणच्या पुढे कधी गेला आहात? खरं सांगा!

मीटिंगमध्ये कुणी विचारलं, ‘कुठे राहतेस?’ आणि मी ‘विठ्ठलवाडी’ म्हटलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो. मग म्हणतो, ‘पुण्यातली?’ नाही हो. सेंट्रल लाइन, कल्याण सोडलं की कर्जतच्या बाजूचं पहिलं स्टेशन. ‘बापरे, रोज एवढं लांब?’ हो, रोज. सीट मिळाली तर झोपून, नाही मिळाली तर उभ्याने.

नंतर कधीतरी माझं पूर्ण नाव कळतं आणि दुसरा राउंड सुरू होतो. ‘ख्रिश्चन? आणि विठ्ठलवाडीत? पण तुझं मराठी किती छान आहे!’ आता यावर काय बोलणार? आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. घरात चार पिढ्या मराठीतूनच प्रार्थना करतायत. पेटी-तबल्यावर ख्रिस्ताची भजनं म्हटली जातात आणि नाताळला करंजी होतेच होते. ‘तुमच्यात पुरणपोळी करतात का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की मी हल्ली थेट आईचा मोबाइल नंबर देते.

तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ‘तुझा खरंच विश्वास आहे का गं?’

बरंच आहे, विचारत नाहीत ते. गेली दोन वर्षं माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

पुढील स्टेशन...

विठ्ठलवाडी ही काही ‘वीकएण्ड डेस्टिनेशन’ नाही. धबधबा नाही, किल्ला नाही, रिसॉर्ट तर नाहीच. एका बाजूला कल्याण पूर्वेच्या बिल्डिंगा, दुसऱ्या बाजूला सुरू होणारं उल्हासनगर, एसटीचा डेपो आणि प्रदूषणामुळे बदनाम झालेली वालधुनी नदी. रविवारी सकाळी उल्हासनगरच्या बाजूला गेलात तर दाल-पकवानचा वास येतो. जीन्स स्वस्तात हवी असेल तर लोक अजूनही इथपर्यंत येतात.

पण या भागाची एक गोष्ट मला लहानपणापासून आवडते. इथे जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कॅम्प होता. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना त्याच बराकींमध्ये जागा मिळाली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. घर, दुकान, शेत, सगळं मागे ठेवून आलेली माणसं देवाला मात्र बरोबर घेऊन आली. कोकणातले, खानदेशातले, उत्तरेचे, केरळचे लोक नंतर आले, आपापले देव घेऊन. आमचं कुटुंब पप्पांच्या नोकरीबरोबर आलं. आमच्या बिल्डिंगमध्ये आषाढीला खाली विठ्ठलाचा फोटो लागतो आणि डिसेंबरमध्ये आमच्या गॅलरीत कागदी तारा. तारा लावायला स्टूल नेहमी शेजारच्या काकांचं. पप्पा म्हणायचे, ‘आपण विठ्ठलाच्या वाडीतले भाडेकरू. भाडं वेळेवर द्यायचं आणि आवाज कमी ठेवायचा!’

पप्पांचा रविवार

पप्पांचा रविवार ठरलेला असे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत बायबल, आणि कल्याणपर्यंत एका स्टेशनचा प्रवास. आमचं चर्च म्हणजे भाड्याचा एक हॉल. पन्नास-साठ माणसं, लाकडी बाक, दोन पंखे, त्यातला एक आवाज करणारा. तिथे मी संडे स्कूलमध्ये वचनं पाठ केली, नाताळच्या नाटकात तीन वर्षं मेंढी झाले आणि चौथ्या वर्षी प्रमोशन मिळून देवदूत.

मग पप्पांना कॅन्सर निघाला. अकरा महिने. केमोची तारीख, रिपोर्टची तारीख, इन्शुरन्सवाल्यांचे फोन, आणि रोज संध्याकाळी घरी प्रार्थना. मीही करत होते, अगदी मनापासून. एका संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर मंडळीतले एक काका शांतपणे म्हणाले, ‘घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय. नाहीतर प्रभू बरं करतोच.’

सगळे खाली बघायला लागले. आईने चहाचे कप उचलले. घरात प्रश्न विचारणारी एकच होती, मास कम्युनिकेशन शिकलेली. ते वाक्य कुणासाठी होतं, हे सगळ्यांना कळलं.

पप्पा गेले, ईस्टरनंतरच्या आठवड्यात. त्यानंतर मी चर्चला गेले नाही. भांडण नाही, घोषणा नाही. रविवारी मला ‘डेडलाइन’ असायची एवढंच. आई एकटी जायची. पिशवी तीच, बायबल तेच.

यंदा, दुसऱ्या वर्षी, आई म्हणाली, ‘रविवारी पप्पांची आठवण म्हणून प्रार्थना ठेवलीय. शास्त्रपाठ तू वाच.’

‘आई, माझा विश्वास आहे की नाही तेच मला माहीत नाही. मी उभी राहून वाचलं तर ते खोटं नाही का होणार?’

‘मी वाचायला सांगितलंय. साक्ष द्यायला नाही.’

उतारा कुठला? योहानाचा विसावा अध्याय, थोमाची गोष्ट. ईस्टरनंतरच्या रविवारी कितीतरी चर्चेसमध्ये हाच उतारा वाचतात. म्हणजे आईने मुद्दाम निवडला, असा आरोपही करता येईना!

होमवर्क

घाबरलेला पत्रकार काय करतो? रिसर्च करतो. मी ठरवलं, माझ्या या एका स्टेशनच्या परिसरात आपल्यासारखं कुणी होऊन गेलंय का ते तरी बघू.

पहिला धक्का असा. कल्याणमधली ख्रिस्ती माणसं ही काही इंग्रजांनी किंवा पोर्तुगीजांनी आणलेली नवलाई नव्हे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात ‘कल्लियाना’ नावाच्या बंदराची नोंद केली. तिथे पर्शियाहून नेमणूक होऊन आलेला बिशप आहे, असं त्याने लिहिलंय. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सातशे वर्षं आधी!

दुसरा धक्का जास्त जवळचा. शाळेत ज्यांच्या कविता आपण पाठ केल्या ते रेव्हरंड नारायण वामन टिळक लहानपणी कल्याणच्या शाळेत होते, १८६९ ते १८७३. आणि त्याच वर्षांत त्याच गावात आणखी एक मुलगी वाढत होती. १८६५ ला जन्मलेली यमुना जोशी. पुढे लग्नानंतर ती झाली डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्या काळातलं एवढंसं कल्याण, आणि त्यात ही दोन मुलं!

दोघांपुढेही तोच प्रश्न आला. उत्तरं दोन टोकांची.

आनंदीबाई अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या तेव्हा मदत करू पाहणाऱ्या मिशनऱ्यांची अपेक्षा होती की त्यांनी ख्रिस्ती व्हावं. १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात त्यांनी सर्वांसमोर सांगितलं की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. न्यू जर्सीत त्या एका ख्रिस्ती कुटुंबात मुलीसारख्या राहिल्या, पण धर्म बदलला नाही. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला खास इंग्लंडहून कोण आलं होतं? पंडिता रमाबाई. त्या तीन वर्षांपूर्वी, १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या. ‘नाही’ म्हणणारी आणि ‘हो’ म्हणणारी, दोघी एका हॉलमध्ये, एकीच्या यशासाठी. आपल्या फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढं जमेल का?

बरं, रमाबाईंचा ‘हो’ही सरळ नव्हता. बाप्तिस्मा झाला तरी त्या चर्चच्या प्रत्येक शिकवणुकीला मान डोलावत बसल्या नाहीत. इंग्लंडमध्ये ज्या सिस्टर जेराल्डिनकडे त्या राहिल्या, त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून जोरदार वाद घातले. ख्रिस्ताचं देवत्व, त्रैक्याचा सिद्धान्त, पाळकांचा अधिकार, काहीही त्यांनी न तपासता घेतलं नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ शब्द स्वतः वाचता यावेत म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते बायबल छापून आलं १९२४ मध्ये. एवढी प्रश्न विचारणारी बाई आणि एवढी श्रद्धावान बाई, एकच!

आणि टिळक? त्यांची गोष्ट तर ट्रेनमध्येच सुरू होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. कवितेवर गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत हातात दिली आणि म्हणाला, हे वाचत राहिलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत काही पटलं नाही. पण वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून पेन्सिलीने खुणा करत वाचायला लागले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण या निर्णयाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. लक्ष्मीबाई टिळकांनी. नवरा न सांगता धर्म बदलतो, संसार मोडतो, मुलाला घेऊन बाई नातेवाइकांकडे राहते. त्या नवऱ्याच्या मागोमाग लगेच गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, सोवळं पाळत राहिल्या, मग हळूहळू स्वतःच्या डोक्याने एकेक गोष्ट तपासत गेल्या. पाच वर्षं लागली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर लोकलमध्ये वाचा. फक्त मोठ्याने हसू येतं, शेजारची बघते, एवढी तयारी ठेवा.

टिळक सांगत, की तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो. त्यांनी ख्रिस्तावर अभंगही रचले. म्हणजे विठ्ठलवाडीहून चर्चला जाणारी माझ्या पप्पांची वाट काही फार वेगळी नव्हती तर! १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

आठ दिवस

शनिवारी रात्री उतारा वाचायला घेतला. थोमाची गोष्ट तुम्हाला ऐकून माहीत असेल. येशू मेलेल्यांतून उठला, असं बाकीचे शिष्य सांगतात. थोमा म्हणतो, त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. तेव्हापासून बिचारा जगभर ‘संशयी थोमा’ म्हणून ओळखला जातो. गंमत म्हणजे परंपरेनुसार हाच थोमा इसवी सन ५२ मध्ये केरळात आला आणि भारतातल्या सर्वात जुन्या ख्रिस्ती समाजाचा मूळपुरुष झाला. आमच्या कल्याण पश्चिमेला त्या परंपरेतल्या सीरो-मलबार पंथीयांचं कॅथेड्रल आहे, त्याचं नाव सेंट थॉमस. इतक्या वेळा समोरून रिक्षाने गेले, पण डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीत एक तपशील मी कधी पाहिलाच नव्हता. थोमा शंका घेतो त्या दिवशी येशू येत नाही. तो येतो आठ दिवसांनी. आणि तेव्हा थोमा कुठे असतो? बाकीच्यांबरोबर, त्याच घरात.

आठ दिवस! त्या आठ दिवसांत काय झालं असेल? दहा जण ठाम आणि एक जण ‘मला नाही पटत’ म्हणणारा. जेवायला बरोबर बसले असतील. रात्री दिवा कुणीतरी मालवला असेल. थोमाने घर सोडलं नाही, हे एक. आणि त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही, हे दुसरं. ‘तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून तो येत नाही’ असं कुणी म्हटल्याचं तरी योहानाने लिहिलेलं नाही.

मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. दहा वर्षांनी, २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं पुस्तकरूपाने आली तेव्हा जग चक्रावलं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं, फक्त अंधार होता. तरी रोज पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसत होत्या, आजाऱ्यांना उचलत होत्या. काहींनी त्याला ढोंग म्हटलं. चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत घोषित केलं. मला त्यातलं एवढंच कळलं, की शंका असलेलं माणूस आत असू शकतं. दारावर उभं राहून ‘आधी पटू दे, मग येते’ म्हणणं ही एकच प्रामाणिक जागा नाही.

मेगाब्लॉक

रविवार उजाडला. मेगाब्लॉक! प्लॅटफॉर्मवर ही गर्दी आणि लोकलचा पत्ता नाही. एप्रिलचं ऊन सकाळी नऊलाच चटकायला लागलेलं. आईने पर्स घट्ट धरली आणि म्हणाली, ‘चल, रिक्षाने जाऊ.’ अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर, पण शेअर रिक्षात तिघं मागे आणि चौथा ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर.

हॉल तोच. पंखा तोच, आवाजही तोच. ‘सलाम ताई, सलाम बेटा’ करत बायका हातात हात घेत होत्या. ‘किती दिवसांनी!’ एवढंच म्हणाल्या. ‘का आली नाहीस’ कुणी विचारलं नाही.

मी पप्पांचं बायबल उघडलं. त्या पानावर पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. थोमाच्या ‘मी मानणार नाही’ या वाक्याखाली. पप्पांनी कधी, का ओढली? त्या अकरा महिन्यांत, की त्याच्या कितीतरी आधी? मी वाचलं. आवाज एकदा अडकला, मग सुटला. कुणालाही काही पटवायचं नव्हतं, म्हणून बहुतेक नीट वाचता आलं.

परत फिरले तर बसायला जागा कुठे? आईच्या बाकावर तीन जणं आधीच. टोकाला तेच काका, ते वाक्य म्हणणारे. दोन वर्षांत बरेच थकलेले दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरकले. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकतात तसे, अर्धं बूड टेकेल एवढे.

त्यांना मी तिथल्या तिथे माफ केलं, असं लिहिता आलं असतं तर लेखाला मस्त शेवट मिळाला असता. तसं झालं नाही. ते वाक्य चुकीचं होतं, आजही चुकीचंच आहे. कधीतरी त्यांना ते सांगेन. पण ते सरकले आणि मी बसले, हेही खरं.

विश्वासाची कबुली म्हणायला सगळे उभे राहिले तेव्हा मीही उभी राहिले. काही ओळी म्हटल्या. काही ओळींना गप्प राहिले.

येताना ब्लॉक संपलेला नव्हताच. पुन्हा रिक्षा. वालधुनी मागे पडल्यावर आई अचानक म्हणाली, ‘तू मध्येच गप्प बसत होतीस.’

‘हं.’

‘मीही बसते कधीकधी. पप्पा गेल्यापासून.’

मी तिच्याकडे बघतच राहिले. ‘मग दर रविवारी का जातेस?’

‘घरी बसून काय करू? आणि तुझ्या पप्पांचं नाव घेणारी माणसं तिथेच आहेत. मी गप्प बसले तरी बाकीचे म्हणतात ना, तेवढा वेळ चालतं.’

विठ्ठलवाडी आली. आईने पैसे दिले, मी दाल-पकवान घेतलं, दोन प्लेट पार्सल. पुढच्या रविवारी जाणार का? माहीत नाही. डेडलाइन खरंच आहे. पण पप्पांचं बायबल आता माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत असतं, आणि त्याबरोबर एक पेन्सिल.

जायचं असेल तर

• कसं जाल? सेंट्रल लाइनची अंबरनाथ, बदलापूर, कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा. कल्याणनंतरचं पहिलंच स्टेशन विठ्ठलवाडी. रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉकची बातमी वाचाच!

• काय बघाल? कल्याण पश्चिमेचं सेंट थॉमस कॅथेड्रल, खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला, आणि लोकलने थोडं पुढे गेलात तर अंबरनाथचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर.

• काय खाल? उल्हासनगरचं दाल-पकवान. सकाळीच, गरम असताना.

• बरोबर काय घ्याल? ‘स्मृतिचित्रे’. आणि बाजूला कुणी उभं असेल तर थोडं सरका.